सावली कुणाच्या बापाची?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



फळ्यावर आजचा विषय लिहिला, 'शहरातली झाडं आणि सार्वजनिक जागा', तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला : "इथं पोरांना नोकऱ्या नाहीत, गावोगाव आपल्या माणसांवर हात पडतोय, आणि हे झाडं-पानं काय काढलंय? हा तर कॉलनीतल्या रिटायर्ड साहेबांचा उद्योग."

सवाल रास्त आहे. त्याला बगल देऊन मी पुढं जाणार नाही. झाडाचं नंतर बघू. आधी रस्त्याचं बोलू. रस्ता कुणाचा?

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळवाल्यांना ते पचलं नाही. भाषण झालं नाही, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात पेशवाईतल्या रस्त्याचा दाखला दिलाय. समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्यानं सार्वजनिक रस्त्यावर यायचं नाही, कारण त्याच्या सावलीचा विटाळ होतो. पुण्यात कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याची पावलं मागच्या मागं पुसली जातील. गळ्यात मडकं अडकवायचं, म्हणजे थुंकी रस्त्यावर पडणार नाही. माणूस तर सोडाच, माणसाची सावलीसुद्धा रस्त्याला चालत नव्हती. म्हणून सावली हा आपल्यासाठी कवितेतला शब्द नाही. त्याच्यामागं हिशेब आहे.

आता दुसरा हिशेब. गावाची सगळी सार्वजनिक कामं कुणाकडं होती? मेलेलं ढोर ओढायचं कुणी? वेस राखायची कुणी? सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं कुणी? महारानं. वतन म्हणून. आणि गावाचा सार्वजनिक पाणवठा? तो त्याला बंद. म्हणजे सार्वजनिक काम आमच्याकडं आणि सार्वजनिक जागा त्यांच्याकडं, ही ह्या देशाची जुनी वाटणी आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं ते ह्या वाटणीवर घाव घालायला. वतनं खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. हा मुद्दा गाठीला मारून ठेवा. तो मला शेवटी लागणार आहे.

तिसरी गोष्ट महाडची. ती तुम्हाला पाठ आहे, पण मी ती वेगळ्या कामासाठी सांगतोय. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं? काही झालं नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात आणि तळं जसंच्या तसं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, तेव्हा ते तळं सार्वजनिक झालं. त्यानंतर लोकांची डोकी फोडली, तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध केलं, नगरपालिकेनं ठराव फिरवला, दहा वर्षं कोर्टकज्जा चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

ह्यातून काय शिकायचं? जागा कागदानं सार्वजनिक होत नाही. ती पायांनी होते. आणि एकदा झाली की रोज वापरून, रोज राखून तशी ठेवावी लागते. घटनेच्या पंधराव्या कलमात बघा : दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते. रस्ते! हा शब्द तिथं कुणा साहेबाच्या बागकामाच्या हौसेनं आलेला नाही. महाडच्या मारानं आलाय.

म्हणून मागच्या रांगेतल्या मित्राला माझं उत्तर असं : सार्वजनिक हा शब्द ह्या देशात आपण रक्त सांडून खरा केलाय. रस्ता, फुटपाथ, मैदान, नळ, झाडाचा पार ही आपली कमाई आहे. कमाई राखणं हा रिटायर्ड साहेबाचा उद्योग कसा काय?

आता झाडावर येतो.

गावाला पार असायचा. वडाला नाहीतर पिंपळाला दगडी ओटा बांधलेला. तिथं गावकी बसायची, न्यायनिवाडा व्हायचा. माझा आजा त्या पाराखाली उभा राहायचा. खाली, उन्हात. झाडाची सावली जमिनीवर पडते तेव्हा ती जात विचारत नाही. पण पारावर कुणी बसायचं आणि खाली कुणी उभं राहायचं हे गाव ठरवायचं.

शहरात आलो आणि पहिल्यांदा झाडाखाली बसायला मिळालं. रस्त्याच्या कडेचं झाड बघा. खाली चर्मकार काका पेटी घेऊन बसलाय. पलीकडं इस्त्रीवाला. छत्री दुरुस्त करणारा, चावीवाला, उसाचा रस, भाजीची पाटी. रिक्षावाला दुपारचा डबा खातोय. कुणाच्या घरची कामवाली दोन घरांच्या मध्ये दहा मिनिटं टेकलीय. ह्यातल्या कुणाच्या दुकानाला छप्पर नाही, भाडेपावती नाही. झाड हेच त्यांचं छप्पर. ते झाड पडलं की त्या माणसाची दुपारची कमाई पडली. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार उघड्या डांबरावर बसून बघा कुणाला धंदा करता येतो का. बंगल्यातल्या माणसाला झाड शोभेला लागतं. आपल्याला ते पोटाला लागतं.

फुटपाथ म्हणजे नुसती चालायची पट्टी नव्हे, हे ह्या शहरातल्या गरिबांनी कोर्टात जाऊन सांगितलंय. १९८१ साली ऐन पावसाळ्यात सरकारनं मुंबईच्या फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर टाकायला घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ च्या निकालात कोर्टानं मान्य केलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. तरीही कायदेशीर रीतीनं हटवायची मुभा सरकारला राहिलीच. फेरीवाल्यांचा कायदा यायला २०१४ उजाडलं. म्हणजे इथंही तेच. हक्क कागदावर मिळतो, जागा रोज लढून टिकवावी लागते.

आता हे बघा, की शहरात झाड आहे कुठं आणि नाही कुठं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याकडं रुंद रस्ते, बागा, झाडांच्या रांगा आखून वसाहती बसवल्या. दादरची पारशी कॉलनी त्यातलीच. मंचेरजी जोशींनी पुढाकार घेऊन वसवलेली, झाडांनी भरलेली. मला तिचा राग नाही. उलट मी म्हणतो, शहर असंच आखलं पाहिजे. माझा सवाल इतकाच, की असं आखायचं डोकं सरकारला होतं, तर ते सगळ्यांसाठी का नाही चाललं? ज्या १९२७ साली महाडला पाण्यासाठी डोकी फुटली, त्याच १९२७ साली देवनारला शहराचा कचरा टाकायला सुरुवात झाली. त्या कचऱ्याच्या अंगाला पुढं शिवाजीनगर, बैंगनवाडी वसली. तिथं राहायला कोण गेलं? ज्यांना शहरानं दुसरीकडून हाकललं ते. मानखुर्दची जनता कॉलनी घ्या. अणुऊर्जा खात्याला ती जागा हवी होती. मे १९७६, आणीबाणी चालू. हजारो लोकांची वस्ती उचलून चीता कॅम्पला नेऊन टाकली.

आता मला सांगा, जी वस्ती उद्या उठणार आहे, तिथं पिंपळ कोण लावणार? करंजाला बऱ्यापैकी सावली धरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. वडाला माणसाची अर्धी हयात. झाडाला पाण्याच्या आधी मुदत लागते. ज्याच्या डोक्यावर बुलडोझर टांगलेला आहे त्याच्या दारात अळूचं पान आणि डब्यातली तुळसच दिसणार. 'झोपडपट्टीवाल्यांना झाडांची आवड नाही' असं म्हणणाऱ्याला विचारा, तुझ्या घरावर पाच वर्षांतनं एकदा नोटीस आली असती तर तू आंबा लावला असतास का?

आणि इथंच एक फास आहे, तो ओळखा. पर्यावरणाच्या नावानं आपल्यालाच उठवलं जातं. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या. जंगल वाचलं पाहिजे, कबूल. पण त्या झोपड्यांतली माणसं जंगलात हौसेनं गेली नव्हती. शहरानं त्यांना घराची जागाच ठेवली नव्हती.

ह्याच्या उलट बाजू आरेची. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. पोरंपोरी रात्रीत धावली, पोलिसांनी २९ जणांना अटक केली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवायला सांगितलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पण तिथं कोण उभं होतं बघा. आरेत आदिवासींचे २७ पाडे आहेत. ते तिथं पिढ्यान्पिढ्या शेतीवाडी करतात, आणि ते झाडांच्या बाजूनं उभे होते. तिथं माणूस विरुद्ध झाड असा सामना नव्हता. माणूस आणि झाड एका बाजूला, करवत दुसऱ्या बाजूला. झाडाचा प्रश्न आपण आपल्या हातात घेतला नाही तर तो आपल्याविरुद्ध वापरला जाईल. हातात घेतला तर करवतीला जाब विचारता येईल.

आता थोडं कामाचं बोलू. मी गेली बारा वर्षं एका महापालिकेच्या उद्यान खात्यात ठेकेदाराच्या हाताखाली झाडांचं काम करतो. तर झाड मरतं कशानं, हे मला पुस्तकातनं नाही, हातानं ठाऊक आहे.

पहिलं, काँक्रीट. लोकांना वाटतं मुळं पार खोल पाताळात जातात. तसं नसतं. पाणी पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फुटांत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्याला घट्ट काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवला की मूळ गुदमरतं. झाड लगेच मरत नाही. चार-सहा वर्षं वरनं हिरवं दिसतं, आतनं कुजत जातं आणि एका पावसात कोसळतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीत आदेश दिला होता, की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमधनं मोकळी करा. एक मीटर म्हणजे किती? हात पसरा, एक वाव होतो, त्याच्या जवळजवळ निम्मं. तेवढी माती सोडायची तयारी नाही, आणि रस्ता मात्र साठ फुटी.

दुसरं, खोदकाम. केबलवाला येतो, गॅसवाला येतो, पाणीवाला येतो. बुंध्याला लागून चर मारतो आणि मुळं सपासप तोडून माती लोटून निघून जातो. एका बाजूची मुळं तुटली की झाडाचा एक पाय गेला. मग वारा सुटतो आणि खाली उभा असलेला माणूस जातो. पेपरात छापून येतं, 'झाड कोसळून मृत्यू'. जणू झाडानंच खून केला. चर कुणी मारला त्याचं नाव छापून येत नाही.

तिसरं, छाटणी. छाटणी म्हणजे वाळकी, किडकी, तारेला लागणारी फांदी तिच्या मुळाशी नीट कापणं, तोल राखून. पण ठेकेदाराला फांद्यांच्या गाड्या मोजून दाखवायच्या असतात. तो शेंडाच उडवतो, नाहीतर रस्त्याकडची बाजू साफ सोलून काढतो. सगळा भार एका अंगाला. कापलेल्या जागी पाणी मुरतं, बुरशी धरते, आणि जे नवे फुटवे येतात ते सालीला चिकटल्यासारखे कच्चे. दोन वर्षांनी तेच डोक्यात पडतात.

चौथं, खिळे आणि तारा. झाडाचं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातनं पानाकडनं मुळाकडं उतरतं. तार आवळून बांधली, की बुंधा वाढताना ती सालीत रुतते आणि ही वाट बंद होते. रोषणाईच्या माळा गुंडाळल्या तेच. आणि जाहिरातीचा फलक दिसावा म्हणून बुंध्यात भोक पाडून औषध ओतणारे महाभागही ह्या धंद्यात आहेत.

आता इथं माझ्या भावांना लागेल असं बोलतो. जयंतीचे फ्लेक्स आपल्या मंडळाची पोरं कशाला ठोकतात? झाडाला. चार इंची खिळे. वरती बाबासाहेब, खाली बारा जणांचे गॉगल लावलेले फोटो, त्याखाली 'शुभेच्छुक'. आणि ठोकलंय कशाला? कधी कधी पिंपळाला! ज्या झाडाला आपण बोधीवृक्ष म्हणतो, नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्याचं रोप श्रीलंकेहून आणून लावलं, त्याच जातीच्या झाडात खिळा ठोकून त्यावर बुद्धाचा फोटो लावायचा? चौदा एप्रिलला बांबू रोवा, दोरी बांधा, पंधराला सोडा. खिळा नको. आणि 'दुसरे पक्ष ठोकतात ते?' असं मला सांगू नका. त्यांचेही काढू. पण आधी आपले काढू, मग शिडी घेऊन त्यांच्याकडं जायला तोंड राहील.

दुसरं टोकही सांभाळा. पिंपळाला देव करू नका. दोरे गुंडाळू नका, दिवे लावून बुंधा जाळू नका. झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड आला की वर्षात त्याला कट्टा होतो, दोन वर्षांत फरशी, तीन वर्षांत जाळी आणि कुलूप. मग त्या सावलीत चर्मकार काकाची पेटी चालत नाही. गावातला पार शहरात परत आला, फक्त टाइल्स लावून आला. ही सार्वजनिक जागेची चोरी आहे, मग ती कुठल्याही देवाच्या नावानं असो.

चोरीचा सुशिक्षित प्रकारही आहे. त्याला 'दत्तक' म्हणतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबई महापालिकेनं मैदानं आणि बागा खाजगी संस्थांना दत्तक द्यायचं धोरण मंजूर केलं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा राज्य सरकारनं स्थगिती दिली. दत्तक घेणारा काय करतो? आधी कुंपण. मग वेळापत्रक. मग पहारेकरी. मग फळा : खेळू नये, झोपू नये, डबा खाऊ नये. दुपारी बारा ते चार बाग बंद. नेमकी तीच वेळ, जेव्हा कष्टकऱ्याला सावली हवी असते! 'अस्पृश्यांना मनाई' असं कुठंच लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच पडत नाही.

ह्याच शहरातले काही लोक सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या नावानं नाक मुरडतात. वर्षाचे बाकीचे दिवस मैदानात त्यांना कुणाचीच अडचण नसते. आणि नागपूरला १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीच्या आवारातल्या भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध लोक उतरले, तेव्हा सरकारला काम थांबवावं लागलं. तिथं लोकांना वर्गणी काढून वकील लावायला वेळ नव्हता. ते जागेवर गेले. पुन्हा तेच, पायांनी.

आता मघाशी गाठीला मारलेला मुद्दा सोडतो. वतनाचा.

माझी आई रस्ता झाडायची. दोन्ही बाजूंना वर्षावृक्ष. गोऱ्या साहेबांच्या काळात परदेशातनं आणलेलं झाड, छत्रीसारखं. लोक म्हणायचे, काय सुंदर रस्ता! आई म्हणायची, सावली त्यांची, पाला माझा. सकाळी सहाला पाला लोटायचा, आठला पुन्हा तेवढाच. उचलायला गाडी यायची नाही, मुकादम ओरडायचा. मग बायका ढीग करून काडी लावायच्या आणि तोच धूर छातीत घ्यायच्या. वरनं कॉलनीतली बाई येऊन पर्यावरणावर भाषण द्यायची. २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांनी रस्त्यावर कचरा जाळायला मनाई केली. चांगलं केलं. पण पाला उचलायला गाडी आणि खत करायला खड्डा मिळाल्याशिवाय ती मनाई फक्त झाडणारीच्या पाठीवर पडते.

म्हणून स्पष्ट सांगतो. आज मी तुम्हाला श्रमदानाला बोलवायला आलेलो नाही. झाडू घेऊन फोटो काढायला साहेबलोक आहेत. आपल्या हातात झाडू पिढ्यान्पिढ्या आहे. श्रमदान आम्हाला कुणी शिकवू नये. सार्वजनिक जागा फुकट राखायची आणि तिच्यावर हुकूम दुसऱ्याचा, ह्यालाच वतन म्हणत होते. ते आपण सोडलंय. झाडं राखायची ती मालक म्हणून. सगळ्यांच्या मालकीतले एक मालक म्हणून. म्हणून आपल्या मागण्याही जोडीनं जातील : झाड तोडू नका, आणि झाडावर चढणाऱ्या माणसाला दोर, पट्टा, टोपी द्या. बुंधा मोकळा करा, आणि पाला लोटणाऱ्या बाईला कायम करा. नवी झाडं लावा, आणि ती जगवायला वस्तीतल्या पोरांना पगारावर घ्या. ठेकेदार साल्याला रोप लावल्याचे पैसे मिळतात, जगल्याचे कुणी विचारत नाही. आपण विचारू.

कायदा आपल्या हातात आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा १९७५ चा. त्यात 'झाड तोडणं' ह्याचा अर्थ नुसतं कापणं नाही. जाळणं, कुठल्याही तऱ्हेनं इजा करणं हेही त्यातच येतं. परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावरही चिकटवायची, लोकांच्या हरकती मागवायच्या. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी झाडं लावायचं बंधन घातलंय. पण झाडावरची सूचना वाचतो कोण? ती पावसात भिजून जाते, नाहीतर कुणीतरी फाडून टाकतो. कॉलनीवाले हरकत घेतात म्हणून त्यांचं झाड वाचतं आणि रस्ता आपल्याकडं वळतो. हरकत लिहायला एक कोरा कागद लागतो. तो लिहायला आपली बी.ए. झालेली पोरं काय कामाची?

आता आपलं बघा. वस्तीच्या तोंडाशी सात झाडं आहेत. दोन पिंपळ, तीन करंज, एक उंबर, एक वर्षावृक्ष. रस्त्याचं काँक्रीट होणार म्हणून चार झाडांवर कागद लागलाय. मुदत अजून संपलेली नाही. त्या सातांखाली किती धंदे चालतात, किती म्हाताऱ्या संध्याकाळी बसतात, परीक्षेच्या दिवसांत किती पोरं वाचत असतात, हे वृक्षगणनेच्या वहीत नसतं. २०१८ साली मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली. खाली बसणारा माणूस मोजायचं कलम त्यात नव्हतं. ते आपण भरू.

तर कामं अशी. दोघींनी वही करायची. झाड कुठलं, घेर किती, कुठं खिळा, कुठं काँक्रीट, खाली कोण बसतं. प्रत्येकाचं नाव, धंदा, किती वर्षांपासून. दोघांनी हरकतीचा अर्ज लिहायचा आणि खाली सह्या घ्यायच्या. सही येत नसेल त्याचा अंगठा, पण घ्यायचाच. अर्जात नुसतं 'तोडू नका' लिहायचं नाही. रस्ता कसा दोन हात सरकवता येईल, बुंध्याला एक मीटर माती कशी सोडता येईल, त्याचा नकाशा जोडायचा. आयटीआयची पोरं तो काढतील. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. एकानं माहिती अधिकारात आपल्या वॉर्डात गेल्या पाच वर्षांत किती झाडं तोडली, बदल्यात कुठं लावली, किती जगली ते मागायचं. उरलेल्यांनी शिडी, पक्कड घेऊन खिळे काढायचे. सावकाश, साल न सोलता.

नवी झाडं पावसाच्या तोंडाशी लावू. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा. करंज, कडुनिंब, ताम्हण, बहावा. जिथं वीस हात मोकळी जागा आहे तिथंच वड-पिंपळ. टेकूची काठी सैल बांधायची, वर्षानं सोडायची. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायचं. पण ऐका, त्यासाठी आपल्या बायका नळाच्या रांगेत आणखी एक हंडा भरणार नाहीत. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वापरायचं आणि टँकर महापालिकेकडं मागायचा. झाडाची तहान बाईच्या डोक्यावर चढवायची नाही.

आणि बैठकीला झाडाखालची सगळी माणसं बोलवायची. चर्मकार काका, रसवाला, भाजीवाली मावशी, पलीकडच्या गल्लीतले मुसलमान रिक्षावाले. त्यांना विचारल्याशिवाय झाडाबद्दल एक ओळ लिहायची नाही. कॉलनीतले कुणी येत असतील तर त्यांनाही या म्हणा. खुर्ची मिळणार नाही, सतरंजीवर बसावं लागेल.

अर्ज फेटाळला जाईल. करवतवाले येतील. येणारे ते मजूर आपल्यातलेच असतील, त्यांच्याशी भांडायचं नाही. त्यांना पाणी द्यायचं, आणि हुकूम दाखवा म्हणून साहेबाला जागेवर बोलवायचं. तोवर बुंध्याभोवती बसून राहायचं. बसायला आपल्याला सावली आहेच.

रविवारी सकाळी आठ वाजता, पहिल्या पिंपळाखाली. वही, पेन, पक्कड.

जय भीम.